मेहुण्याच्या खिशातले अठ्ठेचाळीस आकडे

श्रीशैलप्पांनी कॉम्प्युटर बिघडवला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गुलबर्ग्यात त्यांच्या गल्लीत वेगळंच बोललं जातं. त्यांनी कॉम्प्युटर सुधारला. सुधारता सुधारता तो बंद पडला, पण हेतू चांगला होता, आणि सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या लेखी हेतूलाच महत्त्व असतं. निकाल काय, वरचे लोक बघून घेतात.

नोकरी होती मोजणी खात्यातली. आळंद तालुक्यातल्या निम्म्या बांधांवर श्रीशैलप्पांची साखळी पडलेली. भाऊ भावाच्या उरावर बसलेला असला तरी ‘सर्व्हेयर साहेब आले’ म्हटल्यावर दोघंही उठून टोपी नीट करायचे. निवृत्त होऊन आठ महिने झाले तेव्हा साहेबांच्या ध्यानात आलं, की घरात आपल्याला बघून कुणी टोपी नीट करत नाही. घरात मुळात एकट्या सुधारानीबाई, आणि त्या सदा कामात.

बाईंचं काम म्हणजे वधू-वर माहिती केंद्र. बाहेरच्या खोलीत एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरच्या पोटात चारशे बारा स्थळं. बीदर, गुलबर्गा, उदगीर, लातूर, पार सोलापूरपर्यंतची लिंगायत घरं. घरात कानडी बोलणारी, बाजारात मराठी बोलणारी आणि भांडताना दोन्ही वापरणारी. प्रत्येक स्थळाचा फोटो, शिक्षण, उंची, नोकरी, आणि सगळ्यात शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना. तो रकाना बाईंशिवाय कुणी पाहायचा नाही असा नियम होता. श्रीशैलप्पांनी एकदा चोरून पाहिला. ‘पगार लिहिलाय तो वर्षाचा आहे.’ ‘फोटोतले केस आता नाहीत.’ ‘आई फार गोड, वडिलांना तीन वर्षांत बोलताना पाहिलं नाही.’ त्या दिवसापासून आपल्याही नावाची ओळ कुठंतरी असणार या विचारानं त्यांना अधूनमधून घाम फुटे.

तर त्या ऑक्टोबरात कॉम्प्युटरनं रोज एक निरोप द्यायला सुरुवात केली. दहा नंबरच्या सिस्टीमची मुदत संपली, आता अकरा नंबरची घ्या. सुधारानीबाई रोज ‘नंतर’वर बोट दाबत आणि कामाला लागत. श्रीशैलप्पांना हे बघवत नसे. ‘नंतर’ म्हणायचा अधिकार त्यांच्या मते फक्त सरकारचा.

“मी करून देतो,” ते म्हणाले.

“काही करू नका. येत्या रविवारी वधू-वर मेळावा हाय. ते झालं की बघू,” बाई म्हणाल्या आणि सोमवारी सकाळी एका सोयरिकीच्या बोलणीसाठी निंबर्ग्याला निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत घर मोकळं. मोठ्या पदावरची माणसं बहुतेक चुका अशाच मोकळ्या वेळात करतात.

श्रीशैलप्पांनी वरच्या मजल्यावरच्या महेशकुमारला हाक मारली. महेशकुमार एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचं काम बघतो. पोरगा नाही तो, पस्तिशीचा बाप्या आहे, दोन लेकरांचा बाप. पण साहेबांना तो अजून पोरगाच वाटायचा. त्यानं आल्या आल्या विचारलं, “साहेब, आधी एक बघून घ्या. ड्राइव्हला एन्क्रिप्शन तर लागलेलं न्हाई ना?”

“आमच्या घरात असलं काही न्हाई,” साहेब म्हणाले. “आजवर कुणालाच लागलेलं न्हाई.”

महेशकुमारनं समजावून सांगितलं. एन्क्रिप्शन म्हणजे आतून लावलेलं कुलूप. उद्या चोरानं मशीन उचलून नेलं तरी आतलं त्याला वाचता येऊ नये, म्हणून असतं. मशीनमध्ये मोठा बदल करायचा असला की आधी ते कुलूप तात्पुरतं थांबवायचं, आणि त्याची अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली कागदावर उतरवून ठेवायची. “न्हाई तर मशीनला वाटतंय, चोरच आलाय म्हणून.”

“अरे, मालक समोर बसलाय. मशीनला कळत न्हाई का?”

“न्हाई कळत, साहेब.”

हे साहेबांच्या मनाला लागलं. महेशकुमारला तेवढ्यात कॉलेजचा फोन आला. “मी येईपर्यंत हात लावू नका,” म्हणून तो गेला. श्रीशैलप्पा पाच मिनिटं थांबले. ते पूर्ण पाच मिनिटं थांबले होते, हे त्यांनी पुढं सगळ्यांना सांगितलं. मग त्यांनी महेशकुमार उघडून ठेवून गेलेल्या पानावरनं पुढं जायला सुरुवात केली. नव्या सिस्टीमला सुरक्षेची एक सेटिंग चालू करून हवी होती. ती बदलण्याआधी मशीननं एक प्रश्न विचारला: ‘रिकव्हरी की’, म्हणजे ती किल्ली, जपून ठेवली आहे का? श्रीशैलप्पांनी ‘हो’ दाबलं. मशीन विचारतंय म्हटल्यावर नाही म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटे. बँकेच्या यंत्रानं ‘आणखी काही सेवा हवी का’ विचारलं तरी ते हो म्हणत आणि मग मागं रांग वाढे.

मशीन बंद झालं, चालू झालं, आणि निळंशार होऊन उभं राहिलं. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच मागणी: अठ्ठेचाळीस आकडे टाका.

श्रीशैलप्पांनी आधी आपला मोबाइल नंबर टाकून पाहिला. मग आधारचा. मग पेन्शनचा. मशीन ढिम्म हललं नाही.

संध्याकाळी बाई निंबर्ग्याहून आल्या. चप्पल काढली, पाय धुतले, पडद्याकडं पाहिलं. बोलल्या नाहीत. इथं श्रीशैलप्पा खरे घाबरले. एकोणतीस वर्षांच्या संसारात बाई बोलल्या तर तो दिवस निघून जातो. न बोलल्या तर आठवडा जातो.

“रविवारी मेळावा हाय,” शेवटी त्या म्हणाल्या. “स्थळांची छापील पुस्तिका शुक्रवारी हातात पाहिजे. दीडशे घरची मानसं येणार. पुस्तिका न्हाई म्हटलं तर केंद्राचं नाव गेलं.” एवढं बोलून त्या भाकऱ्या थापायला गेल्या.

म्हणजे चारशे बारा लेकरांची लग्नं, बायकोची अकरा वर्षांची मेहनत आणि दीडशे घरांसमोरची अब्रू, सगळं त्या निळ्या पडद्याच्या मागं अडकलं होतं. आणि अडकवणारा कोण, तर ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोकळ्या केल्या तो. श्रीशैलप्पांना त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. खाल्ल्या तीन, पण गोड लागल्या नाहीत.

मंगळवारी सल्ले सुरू झाले. समोरचे मडिवाळप्पा, निवृत्त पोस्टमास्तर, पडदा बघायला म्हणून आले आणि चहा होईपर्यंत बसले. “आयुधपूजेला मशीनची पूजा केलती का?” त्यांनी विचारलं. केली होती, पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले होते, त्यातला एक अजून दिसत होता. “उजव्या हातानं ओढलेत का?” हे कुणाला आठवेना. मडिवाळप्पांनी मान अशी हलवली, की रोगाचं मूळ सापडलं. जाता जाता त्यांनी असंही सांगितलं, की त्यांच्या साडूच्या मशीनला असंच झालं होतं आणि ते आपोआप बरं झालं. किती दिवसांत, असं विचारल्यावर म्हणाले, नवीन घेतलं तेव्हा.

मग श्रीशैलप्पा बाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं. “काही न्हाई साहेब, फॉरमॅट मारतो, अर्ध्या तासाचं काम.”

“आतलं राहतंय का?”

“आतलं सगळं जातंय. मशीन मात्र एकदम नवं होतंय.”

हे म्हणजे मोजणीचा वाद मिटवायला शेतच नदीत सोडण्यासारखं झालं. साहेब तिथून उठले.

बुधवारी त्यांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पंचेचाळीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगी आली, फार नम्र. तिनं सांगितलं, की ही किल्ली कंपनीलाही बनवून देता येत नाही. मशीन पहिल्यांदा चालू करताना ज्या खात्याचा वापर झाला, त्या खात्यातच ती जपलेली असते. खातं कुणाच्या नावाचं आहे, सर?

“मशीन माझं हाय. टेबल माझं. लाईटबिल माझ्या नावाचं.”

“हो सर, पण खातं तुमच्या नावाचं दिसत नाही.”

श्रीशैलप्पांच्या हातातला फोन जड झाला. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. चौतीस वर्षं ते स्वतः ते म्हणत आले होते. जमीन तू कसतोस बाबा, खरं आहे, पण पहाणीच्या उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं आहे. समोरचा म्हातारा धोतराच्या सोग्यानं तोंड पुसायचा आणि साहेबांना वाटायचं, कायदा कळत नाही या लोकांना.

नाव कुणाचं, हे त्यांना आठवायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो ते तोंडानं उच्चारायला.

आपल्याकडं कुठल्याही कागदावर घरातल्या मोठ्या माणसाचं नाव आणि नंबर द्यायची रीत आहे. स्वतःचा नंबर देणं म्हणजे आपल्यावर कुणी मोठं नाही असं सांगणं. श्रीशैलप्पांचे वडील लवकर गेले, मोठा भाऊ नाही. म्हणून गॅस, बँक, विमा, सगळीकडं त्यांनी मान म्हणून एकाच माणसाचा नंबर दिला होता. बायकोचा थोरला भाऊ, ठाणाकुशनूरचा काशप्पा. सहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर घेतला तेव्हा काशप्पाचाच मुलगा बसवप्रभु शिकायला गुलबर्ग्यात होता. आत्याचे शेरे सुरक्षित राहावेत म्हणून ते कुलूप त्यानंच लावलं, आणि “मामा, खात्याला नंबर कुणाचा टाकू?” असं विचारल्यावर श्रीशैलप्पांनीच मोठ्या मनानं सांगितलं, “तुझ्या अप्पाचा टाक. थोरले हाईत.”

त्यानंतर दोन वर्षांनी भांडण झालं. बसवप्रभुला भालकीकडचं स्थळ आलं होतं. बैठकीत मुलीच्या बापानं विचारलं, मुलाला व्यसन काही? काशप्पा तोंड उघडणार, तेवढ्यात श्रीशैलप्पा भाच्याची बाजू घ्यायला सरसावले. “छे, छे! व्यसन कसलं? गुटखा तेवढा खातो, ते काय व्यसनात धरत न्हाईत.” पाहुणे पोह्याच्या ताटल्या अर्ध्या टाकून उठले. काशप्पा भर अंगणात म्हणाला, “माज्या उंबऱ्याचं पानी पाजनार न्हाई तुमाला.” श्रीशैलप्पा म्हणाले, “तुमच्या हातचं पाणी मागायला येतंय कोण!” दुसऱ्याच दिवशी त्यांनी गॅसचा नंबर बदलला, बँकेचा बदलला, विम्याचा बदलला. दोन दिवस रांगेत उभं राहून त्यांनी काशप्पाला आपल्या आयुष्यातून खोडून काढलं. कॉम्प्युटर तेवढा राहिला.

आणि सुधारानीबाईंचं माहेर तुटलं. यावर त्या कधी काही बोलल्या नव्हत्या. श्रीशैलप्पांनीही कधी विचारलं नव्हतं.

“अण्णाच्या फोनात असंल ते,” बुधवारी संध्याकाळी बाई शेंगा फोडता फोडता म्हणाल्या.

“फोन करून विचार.”

“मी कामून विचारू? कुलूप मी लावलं का?”

“मी जाणार न्हाई.”

“नका जाऊ.” बाईंनी एक शेंग फोडली. “मेळाव्यात माईकवर मीच सांगते. आमच्या मालकानं मशीन सुधारलं, म्हणून पुस्तिका न्हाई.”

गुरुवारी सकाळी सहाच्या गाडीला दोघं स्टँडवर होते.

घरी महेशकुमारला बसवलं होतं. एका खात्यात दोन-तीन मशिनींच्या किल्ल्या असू शकतात. पडद्यावरचा ओळख-क्रमांक जुळवून योग्य तीच घ्यावी लागते, म्हणून कुणीतरी मशीनसमोर पाहिजे होतं. त्यानं एक दिवसाची रजा टाकली आणि साहेबांना म्हणाला, “तुमी फक्त आकडे सांगा. दुसरं काही करू नका.” निघताना इतका सरळ अपमान साहेबांनी फार दिवसांत ऐकला नव्हता.

कर्नाटकात बायकांना सरकारी गाडी फुकट, म्हणून कंडक्टरनं बाईंना शून्य रुपयांचं तिकीट दिलं आणि साहेबांना पूर्ण. हुमनाबादला गाडी बदलली, तिथंही तेच. भालकीला तिसऱ्यांदा तेच झालं. श्रीशैलप्पांनी तिन्ही तिकिटं वरच्या खिशात ठेवली. ज्याचं काम अडलंय त्याच्याकडून पैसे, आणि जी मजेत खिडकीतून तुरी बघत चाललीय तिला फुकट, असं त्यांच्या मनात आलं. बाई खरंच मजेत दिसत होत्या. मेळावा तीन दिवसांवर असलेली बाई इतकी शांत कशी, हा प्रश्न एखाद्या हुशार माणसाला पडला असता.

ठाणाकुशनूरला काशप्पाच्या अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं आणि काशप्पा बाजेवर बसला होता. बहिणीला पाहून तो उठला. तिच्या मागं पाव्हण्याला पाहून परत बसला.

“नागव्वा,” त्यानं आत हाक दिली, “सुधा आलीय. संगं कोन हाय, विचार.”

काशप्पाची बायको नागव्वा पदराला हात पुसत बाहेर आली. नणंदेला तिनं मिठीच मारली, आणि दोघी अशा रडल्या की श्रीशैलप्पांना कुठं बघावं कळेना. त्यांनी सोयाबीनकडं पाहिलं. पीक बरं होतं.

“काम होतं,” साहेब भिंतीला उद्देशून म्हणाले. “कॉम्प्युटरची किल्ली. अण्णांच्या फोनात हाय म्हणतात.”

“नागव्वा, इचार त्यांना, चार वर्सं आठवन न्हाई झाली, आन् आता मशीन अडलं म्हनून आलाव का?”

“नागव्वावैनी, सांगा त्यांना, व्हय.”

हे खरं उत्तर होतं, आणि खरं बोलण्यानं श्रीशैलप्पांचं या अंगणात याआधीही भलं झालं नव्हतं. पण काशप्पा का कोण जाणे, हसू दाबल्यासारखा खोकला. त्यानं बसवप्रभुला हाक मारली. तो आता बत्तिशीचा झाला होता, औरादला बियाण्यांचं दुकान बघायचा, गुटखा सोडून वेलची चघळायचा आणि अजून बिनलग्नाचा होता. त्यानं मामांच्या पाया पडून अप्पाच्या फोनात ते खातं उघडलं. तीन किल्ल्या निघाल्या. गुलबर्ग्याहून महेशकुमारनं स्पीकरवर ओळख-क्रमांक वाचला, दुसरी जुळली. अठ्ठेचाळीस आकडे, सहा-सहाचे आठ गट.

बसवप्रभु वाचायला लागला, तसा काशप्पानं फोन त्याच्या हातातून काढून घेतला, चष्मा लावला आणि बाजेवर मांडी घातली.

“आधी पानी,” तो म्हणाला. या वेळी नागव्वाला नाही, सरळ श्रीशैलप्पांना.

नागव्वानं तांब्या पुढं केला. श्रीशैलप्पांना चार वर्षांपूर्वीचं आपलं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. त्यांना हेही आठवलं, की दीडशे घरची माणसं रविवारी येणार आहेत. त्यांनी तांब्या तोंडाला लावला. पाणी गार होतं, गोड होतं, आणि भालकीपासून तहान लागलेली होती, त्यामुळं प्रतिज्ञा मोडल्याचं दुःख व्हावं तेवढं झालं नाही.

“पन्नास, सत्त्याऐंशी, एकोनचाळीस,” काशप्पा म्हणाला आणि फोन मांडीवर पालथा घातला.

“टाकलं!” महेशकुमार ओरडला. “पुढं?”

पुढं चुरमुऱ्यांचा सुसला आला, वर शेव आणि हिरवी मिरची. बशी रिकामी झाल्याशिवाय दुसरा गट मिळाला नाही. चहा पिऊन तिसरा मिळाला. चौथ्याला काशप्पा म्हणाला, जेवनाची येळ झाली, आता जेवतानाच. मग ज्वारीची कडक भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी, आणि पाव्हणा चार वर्षांनी आला म्हणून हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. श्रीशैलप्पा भाकरी मोडत होते आणि काशप्पा आकडे मोडून देत होता. चौथा गट महेशकुमारनं टाकला, तर मशीन घेईना.

“साहेब, चुकीचा हाय. ह्या आकड्यांना अकरानं भाग जावा लागतो, तवाच मशीन पुढं जाऊ देतंय.”

अकरानं भाग! निवृत्तीनंतर प्रथमच श्रीशैलप्पांना कुणीतरी त्यांच्या लायकीचं काम दिलं. त्यांनी ताटाच्या कडेला चटणीतच बोटानं आकडे मांडले. “सत्तावीस, सोळा, त्रेचाळीस सांगितलं अण्णांनी. जात न्हाई भाग. नीट बघा म्हणावं.”

काशप्पानं चष्मा पुसला. “सत्तावीस, सोळा, चौतीस हाय.”

“चोवीस हजार सहाशे चौऱ्याण्णव. गेला भाग!”

“गेला, साहेब!” गुलबर्ग्याहून आवाज आला.

“मोजनी अजून याद हाय म्हना की,” काशप्पा म्हणाला आणि त्यानं पाव्हण्याच्या हुग्गीवर स्वतः तूप वाढलं. श्रीशैलप्पांना तूप वर्ज्य होतं, डॉक्टरनं लिहून दिलं होतं. ते काही बोलले नाहीत.

पाचव्या गटाला गुटख्याचा विषय निघाला, निघणारच होता. “माज्या पोराचं लगीन मोडलाव तुमी,” काशप्पा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट खाली गेला होता. “बरं झालं का? त्याच्याबरोबरच्यांची लेकरं साळंत जायलीत.”

श्रीशैलप्पांनी घास खाली ठेवला. त्यांच्याजवळ याला एक उत्तर तयार होतं, चार वर्षं घोळून घोळून गुळगुळीत केलेलं, त्यात तीन मुद्दे होते. ते देता देता त्यांनी वर पाहिलं, तर बसवप्रभु दारात उभा राहून जमिनीकडं बघत होता.

“चुकलं माझं,” साहेब म्हणाले. “बाजू घ्यायला गेलो, आणि तोंड आवरलं न्हाई.”

काशप्पानं फोन परत डोळ्यांसमोर धरला. मग त्यानं पाचवा, सहावा आणि सातवा गट एका दमात वाचून टाकला. महेशकुमार तिकडं ‘हळू, हळू’ म्हणून ओरडत राहिला.

आठवा गट राहिला. काशप्पानं फोन छातीशी धरला.

“आता ह्याला एक अट हाय. बसव्याचं नाव त्या पुस्तकात घालायचं. मी सोता धाडनार नव्हतो, मेलो तरी. पर आता मीच म्हनायलो.”

“घालतो,” श्रीशैलप्पा म्हणाले. “मशीन उघडलं की पहिलं तेच. सुधारानी, ऐकलीस का? पहिल्या पानावर.”

सुधारानीबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून कांदा चिरत होत्या. त्यांनी ऐकलं नसावं.

काशप्पानं शेवटचे सहा आकडे वाचले. फोनमधून बटणं दाबल्याची टकटक आली. बाज, ताट, सोयाबीनवर टिपायला आलेल्या चिमण्या, सगळं क्षणभर थांबल्यासारखं झालं. मग महेशकुमारची आरोळी आली. “उघडलं! साहेब, उघडलं! अक्कांचं सगळं जिथल्या तिथं हाय!”

काशप्पानं पाव्हण्याच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली, की हुग्गी श्वासनळीत गेली. श्रीशैलप्पा खोकत खोकत उभे राहिले. “महेश, आता लगेच पुस्तिकेची फाईल काढ! प्रेसवाल्याला धाड! आजच्या आज!”

“कंची पुस्तिका?” महेशकुमारचा आवाज गोंधळलेला आला. “पुस्तिका तर आली की, साहेब. मघाशीच प्रेसचा मानूस दोन गठ्ठे देऊन गेला. इथं सोफ्यावर ठेवलेत.”

अंगणातली सगळी तोंडं फोनकडं वळली.

“बघ उघडून,” श्रीशैलप्पा म्हणाले. त्यांना आपला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

कागद फाटल्याचा आवाज आला. “हां, चारशे तेरा स्थळं. पहिल्या पानावर बसवप्रभु काशप्पा, ठाणाकुशनूर. फोटो चांगला आलाय.”

श्रीशैलप्पा, काशप्पा आणि बसवप्रभु तिघंही स्वयंपाकघराच्या दाराकडं वळले. बाईंचा कांदा चिरणं चालूच होतं.

“मी शनिवारीच दिलती प्रेसला,” त्या म्हणाल्या. “पेन ड्राइव्हवर. तुम्ही मशीन सुधारायच्या आधी.”

“मग तू म्हणालीस की—”

“पुस्तिका शुक्रवारी हातात पाहिजे म्हणाले. उद्या शुक्रवारच हाय. दिलीय का न्हाई, ते तुम्ही विचारलंतच न्हाई.”

“आन् बसव्याची माहिती कुनी दिली?” काशप्पानं विचारलं.

“माझा भाचा हाय. मला कुणी माहिती द्यायला पाहिजे का?”

“अगं, मग सरळ म्हणायचं होतंस, जाऊ या म्हणून!” श्रीशैलप्पा म्हणाले.

बाईंनी विळी बाजूला सारली. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. “सरळ म्हटलं असतं तर तुम्ही निघाला असता का? की अण्णानं दार उघडलं असतं? दोघांचा मान मोठा. मी मधी कुठं राहायचं, ते कुणी मोजून दिलं का?”

नागव्वानं तोंडाला पदर लावला. काशप्पा उगाचच चष्म्याच्या काचा पुसायला लागला, आणि पुसून झाल्या तरी पुसत राहिला. श्रीशैलप्पांना राग यायला हवा होता. तीन गाड्या बदलून, पूर्ण तिकीट काढून, माफी मागून, वर्ज्य तूप खाऊन त्यांनी ज्या पुस्तिकेसाठी हे केलं, ती त्यांच्याच सोफ्यावर पडली होती. पण राग येईना. त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती माहेरच्या उंबऱ्याला टेकून, पाय पसरून बसली होती. घरी ती अशी कधी बसत नाही. मग त्यांना फक्त लाज वाटली, आणि ती बरीच मोठी होती.

“राहा तू,” ते म्हणाले. “शनिवारपर्यंत राहा. गठ्ठे मी हॉलवर पोचवतो.”

“तुमी पन ऱ्हावा की पाव्हनं,” काशप्पा चष्मा घालत म्हणाला. “मेळाव्याला समदेच संगं जाऊ.”

फोन अजून चालू होता. त्यातून महेशकुमार खाकरला. “साहेब, मशीन परत विचारायलंय. अकरा नंबर आता टाकू का, म्हणून. काय दाबू?”

श्रीशैलप्पांनी तोंड उघडलं. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं.

“थांब,” ते म्हणाले, आणि फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. “सुधारानी, मशीन विचारायलंय. तू सांग.”